क्रोशाची पिशवी : यंत्राला न जमलेल्या टाक्याचा इतिहास

१/ आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक विणलेल्या वस्तूंमागे यंत्र असते. पायमोजे, स्वेटर, टोपी, टी-शर्ट हे सारे यंत्रावर तयार होते. याला एक ठळक अपवाद आहे : क्रोशा. तुमच्या खांद्यावरची क्रोशाची पिशवी दोनशे रुपयांची असो वा वीस हजारांची, ती कोणाच्या तरी हातांनी, एकेक टाका घेऊनच तयार झालेली असते. असे का, आणि त्यामुळे गेल्या दोनशे वर्षांत कोणाच्या आयुष्यात काय घडले, हे या धाग्यात पाहू या. #थ्रेड #इतिहास

२/ प्रथम शब्दांविषयी. फ्रेंच भाषेत ‘क्रोशे’ म्हणजे लहान आकडा. हत्यारावरूनच कलेला नाव मिळाले. मराठी घरांत या कलेला स्वतःची परिभाषा लाभली : साखळी, खांब, मुका खांब. साखळी म्हणजे फासातून फास ओढत केलेली सुरुवात. खांब म्हणजे सुईवर धाग्याचा वेढा घेऊन उभा केलेला उंच टाका. मुका खांब म्हणजे वेढ्याविना घेतलेला बुटका, घट्ट टाका. हा बुटका टाका लक्षात ठेवा. मजबूत पिशवीची भिस्त त्याच्यावरच असते.

३/ आता मूळ प्रश्न. यंत्राला क्रोशा का जमत नाही? दोन सुयांच्या विणकामात एका ओळीतील सर्व फास एकाच वेळी सुईवर उघडे असतात. प्रत्येक फासाला स्वतंत्र सुई दिली की तेच काम यंत्र करू शकते. विल्यम ली या इंग्रज धर्मोपदेशकाने १५८९ मध्ये मोजे विणण्याचा माग बनवला, तो याच तत्त्वावर. म्हणजे शेक्सपिअरची नाटके रंगभूमीवर येण्याच्या सुमारास अशा विणकामाचे यंत्र अस्तित्वात आले होते.

४/ क्रोशात एका वेळी साधारणतः एकच फास उघडा असतो. एक टाका पुरता बंद केल्यावरच दुसरा सुरू होतो. पुढचा टाका कोठे घ्यावा यालाही बंधन नाही : खालच्या ओळीत, दोन ओळी सोडून, खांबाच्या दांड्याभोवती, पुढून किंवा मागून. आकड्याने तयार विणीत शिरायचे, धागा पकडायचा, बाहेर यायचे आणि काम हवे तसे फिरवायचे. डोळा, बोट आणि मनगट यांचा हा मेळ कारखान्याला आजही साधलेला नाही.

५/ ‘क्रोशे मशीन’ या नावाची यंत्रे बाजारात आहेत, पण ती प्रत्यक्षात वेगळ्याच जातीची वीण घालून फिती आणि झालरी तयार करतात. खऱ्या क्रोशाच्या यंत्रासाठी जर्मनीतील बीलेफेल्ड येथे अलीकडे संशोधन झाले आणि प्रायोगिक नमुनेही बनले. तथापि दुकानात येणारी पिशवी अजून हातानेच विणली जाते.

६/ या तांत्रिक अडचणीचा आर्थिक परिणाम मोठा आहे. ज्या मालाला यंत्र मिळते, तो यंत्रामुळे स्वस्त होतो. ज्याला यंत्र मिळत नाही आणि तरीही जो स्वस्त विकायचा असतो, त्याच्या बाबतीत मुख्य मार्ग एकच उरतो : हाताची मजुरी कमी ठेवणे. क्रोशाचा इतिहास वाचताना हा मुद्दा सतत सोबत ठेवावा लागतो.

७/ क्रोशा किती जुना? पुष्कळांना ही कला प्राचीन वाटते. धाग्याला फास घालून पिशव्या आणि जाळ्या करण्याची तंत्रे खरोखरच प्राचीन आहेत आणि ती जगभर आढळतात. परंतु आज आपण ज्याला क्रोशा म्हणतो, त्याचा निःसंदिग्ध पुरावा १९व्या शतकाच्या आरंभापासूनच मिळू लागतो. म्हणजे मोजे विणणाऱ्या यंत्राहून ही हस्तकला दोन शतकांनी लहान ठरते!

८/ तिच्या उगमाविषयी एक प्रबळ तर्क आपल्या ओळखीच्या कामाशी नाते सांगतो. चौकटीवर कापड ताणून, आकड्याच्या सुईने त्यावर साखळी टाका घालण्याचे काम १८व्या शतकात युरोपात लोकप्रिय झाले. आपल्याकडील आरीकाम ते हेच. पुढे कोणीतरी कापड काढून टाकले आणि ती साखळी हवेतच विणायला घेतली. त्यातून क्रोशा जन्मला, असे अनेक अभ्यासक मानतात.

९/ दुसरा धागा थंड प्रदेशांतील. स्कॉटलंडमध्ये आकड्याने लोकरीचे जाड, दाट कापड विणण्याची रीत होती; तिला ‘मेंढपाळांची वीण’ म्हणत. एलिझाबेथ ग्रँट या स्कॉटिश लेखिकेच्या आठवणींत १८१२ च्या सुमारास तिचा उल्लेख येतो. एकीकडे नाजूक साखळी, दुसरीकडे दणकट दाट वीण. पिशवीला पुढे या दोन्हींचा उपयोग होणार होता.

१०/ आता एक सुखद योगायोग. ‘क्रोशा’ हे नाव आजच्या अर्थाने वापरून छापलेल्या, आतापर्यंत ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या सूचना १८२३ मधील आहेत. त्या ‘पेनेलोपे’ नावाच्या डच नियतकालिकात आल्या. आणि त्या कशाच्या होत्या? बटव्यांच्या! रंगीत चित्रात पाच बटवे दाखवले होते. त्यांपैकी तीन रेशमी धाग्याने क्रोशावर करायचे होते. एक साखळ्यांच्या जाळीचा, दुसरा अर्धा जाळीदार, आणि तिसरा संपूर्ण मुक्या खांबांचा. क्रोशाच्या छापील इतिहासाचा आरंभ पिशवीनेच झाला.

११/ त्या काळी बटव्यांची एवढी चलती का होती? त्याआधी युरोपातील स्त्रिया घेरदार झग्याच्या आत, कमरेला बांधलेल्या सुट्या खिशांत वस्तू ठेवत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास वेशाची ठेवण बदलली. उंच कमरेचे, अंगासरशी पडणारे, तलम झगे आले आणि आतल्या फुगीर खिशांना जागा उरली नाही. मग खिसा झग्याबाहेर आला आणि दोरीने हातात लटकू लागला. ‘रेटिक्यूल’ नावाची ही छोटी पिशवी आजच्या हातपिशवीची पूर्वज होय.

१२/ दुसरा लोकप्रिय प्रकार म्हणजे लांब बटवा. मोज्यासारखी लांब नळी, दोन्ही टोके बंद, मध्यभागी एक चीर, आणि नळीवर सरकणाऱ्या दोन कड्या. चिरेतून नाणी आत टाकायची, एका टोकाला घसरवायची आणि कडी सरकवून ते टोक बंद करायचे. दोन टोकांत दोन प्रकारची नाणी ठेवली की अंधारातही हाताला ओळखू येत. पुढे याला ‘कंजुषाचा बटवा’ असे गमतीचे नाव पडले, कारण त्यातून पैसे काढणे फारसे सोपे नव्हते.

१३/ हे बटवे बहुधा मध्यमवर्गीय व श्रीमंत घरांतील तरुणी विणत आणि भेट म्हणून देत. विल्यम थॅकरे यांच्या १८४७-४८ मधील ‘व्हॅनिटी फेअर’ या कादंबरीत बेकी शार्प ही नायिका एका धनिकाला भुलवताना हिरव्या रेशमाचा बटवा करीत असते. तिचे काम क्रोशाचे नाही, जाळीविणीचे आहे. पण समाजाची दृष्टी त्यातून नेमकी दिसते. बटवा विणणारी स्त्री म्हणजे सुस्वभावी, घरंदाज आणि रिकामा वेळ असलेली.

१४/ ‘रिकामा वेळ’ या दोन शब्दांचे ओझे पुढे लाखो स्त्रियांना वाहावे लागले. एकदा का एखादे काम विरंगुळा ठरले, की त्याची मजुरी ठरवताना समोरचा म्हणू शकतो : बसल्याबसल्या होते, त्याचे एवढे काय मोजायचे?

१५/ १८४०च्या दशकात छापील पुस्तकांनी क्रोशाचा प्रसार झपाट्याने केला. एडिंबरा येथील जेन गॉगेन यांचे विणकामाचे पुस्तक १८४० मध्ये आले. लंडनमध्ये एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांनी क्रोशाच्या नमुन्यांची पुस्तके एकामागून एक प्रकाशित केली. त्यांची आई आयरिश होती. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्यांच्या कामाला पदकही मिळाले. पण याच दशकात शेजारच्या आयर्लंडमध्ये काही भयंकर घडत होते.

१६/ १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. गरीब कुटुंबांचे बटाटा हेच मुख्य अन्न होते. पीक वारंवार बुडाले, आणि १८४७ हे वर्ष तर ‘काळे सत्तेचाळीस’ म्हणूनच ओळखले जाते. सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराईने मेली, आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६६ लाखांवर आली.

१७/ शेती बुडाली, पुरुषांना काम नाही, खंड थकलेला. अशा वेळी घरात पैसा आणू शकेल असे एक काम काही स्त्रियांच्या हाती आले : क्रोशाची लेस. कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन जोगिणींच्या मठात हे काम शिकवले जाई. मोनाहन परगण्यातील क्लोन्स गावी १८४७ मध्ये आलेल्या धर्मोपदेशकाच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी शिक्षिका बोलावून स्थानिक स्त्रियांना ते शिकवले. दक्षिणेत कॉर्क आणि उत्तरेत क्लोन्स ही आयरिश क्रोशाची दोन मोठी केंद्रे बनली.

१८/ क्रोशाच का? युरोपात सर्वाधिक प्रतिष्ठा व्हेनिसच्या सुईच्या लेसला होती. पण ती शिकायला आणि करायला फार वेळ लागे. क्रोशाने तशीच उठावदार नक्षी बऱ्याच कमी वेळात साधता येई. भांडवलही जवळजवळ शून्य. थोडा सुती धागा आणि एक आकडा पुरे. ताठ तार वाकवून लाकडी मुठीत बसवली की आकडा घरीच तयार होई. धुराने कोंदलेल्या झोपडीत काम मळले, तर शेवटी धुऊन स्वच्छ करता येई.

१९/ त्यांच्या तंत्रातील एक क्लृप्ती पिशव्या विणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. आयरिश स्त्रिया धाग्याचे पदर एकत्र करून त्यांची जाड दोरी बनवत आणि तिच्यावरून मुके खांब घालत. दोरी टाक्यांच्या पोटात लपून राही. पाकळी फुगीर, ताठ व उठावदार होई. गुलाब, तिपानी गवत, द्राक्षांचे घोस असे तुकडे सुटे विणायचे आणि मग मध्ये जाळी घालून जोडायचे. क्लोन्सच्या जाळीतील गोल गाठ आजही त्या गावाच्या नावानेच ओळखली जाते.

२०/ सुटे तुकडे म्हणजेच श्रमविभागणी. एक घर गुलाब करी, दुसरे पाने, तिसरे जोडणी. माल एकत्र करून विकणारा वेगळाच असे. त्यातून गळपट्ट्या, मनगटपट्ट्या, संपूर्ण झगे आणि पुढे छोट्या हातपिशव्याही घडल्या. २०व्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या फॅशनमध्ये आयरिश क्रोशाला मोठा मान होता. या मिळकतीवर कित्येक कुटुंबांनी खंड भरला, कित्येकांनी अमेरिकेच्या जहाजाचे तिकीट काढले. ज्या झग्यांनी पॅरिस सजले, ते विणणारी कोणाच्या आठवणीत मात्र क्वचितच राहिली.

२१/ याच सुमारास यंत्रानेही पाठलाग केला होता. बॉबिन लेसची जाळी १८०९ पासून जॉन हीथकोट यांच्या यंत्रावर होऊ लागली होती. १८८०च्या दशकात भरतकामाच्या यंत्राने वेगळी युक्ती काढली : विरघळणाऱ्या कापडावर दाट भरत करायचे, मग कापड रसायनाने नाहीसे करायचे. उरलेली नक्षी लांबून आयरिश क्रोशासारखी दिसे. जवळून पाहिले तर तिच्यात एकही क्रोशाचा टाका नसे. रूपाची नक्कल झाली, विणीची नाही.

२२/ क्रोशा ‘दीनांचे काम’ आहे की ‘थोरांचे’, हा प्रश्न उरला होता. त्यावर एक मासलेवाईक उदाहरण : दुसऱ्या बोअर युद्धाच्या वेळी, १९०० मध्ये, ऐंशी वर्षांच्या राणी व्हिक्टोरियाने स्वतः क्रोशावर आठ गळपट्टे विणले आणि ते निवडक सैनिकांना सन्मान म्हणून दिले गेले. टाके तेच, सुईही तशीच. राणीच्या हातून गळपट्टा झाला की तो सन्मानचिन्ह ठरे. क्लोन्समधील बाईच्या हातून गुलाब झाला की तो नगावर विकला जाई.

२३/ आयर्लंडचा हा नमुना मिशनऱ्यांबरोबर जगभर फिरला. भारतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गोदावरीच्या मुखाजवळचे नरसापूर. महाराष्ट्रात त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, त्या खोऱ्यातील हे गाव. १९व्या शतकाच्या मध्यास मॅक्रे या मिशनरी दांपत्याने येथे लेसचे काम आणले, असे मानले जाते. आरंभी ते प्रामुख्याने दलित समाजांतून ख्रिस्ती झालेल्या गरीब स्त्रिया करीत. पुढे घराबाहेर काम न करण्याची रूढी असलेल्या कापू समाजातील स्त्रियाही त्यात आल्या.

२४/ जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या स्त्रियांचा अभ्यास केला. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे त्यांचे पुस्तक आज जगभरच्या विद्यापीठांत वाचले जाते. त्यांना काय दिसले? स्त्रिया दिवसाचे कित्येक तास क्रोशा करीत होत्या. माल परदेशी जात होता. निर्यातदार आणि दलाल जवळजवळ सारे पुरुष. आणि विणणारी स्वतःला मजूर न म्हणता गृहिणी म्हणवत होती, कारण सगळे तिला तेच सांगत आले होते.

२५/ येथे आयर्लंडचीच श्रमविभागणी पुन्हा दिसते. एक स्त्री फुले करी, दुसरी ती जोडी. संपूर्ण वस्तूची किंमत दोघींपैकी कोणालाच ठाऊक नसे. काम घरात चाले, म्हणून कारखान्याचे कायदे लागू नाहीत. काम ‘फावल्या वेळचे’, म्हणून किमान वेतनाचा आग्रह नाही. मीस यांनी या प्रक्रियेला ‘गृहिणीकरण’ अशा अर्थाची संज्ञा दिली. बटवा विणणाऱ्या तरुणीचा ‘रिकामा वेळ’ शतकानंतर गोदाकाठच्या मजुरीच्या हिशेबात असा उतरला. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले.

२६/ आता लेस सोडून पुन्हा दणकट पिशवीकडे वळू. पिशवी कशी उभी राहते? तळ मध्यातून सुरू होतो. पहिल्या फेरीत ६ मुके खांब, दुसरीत १२, तिसरीत १८, चौथीत २४. प्रत्येक फेरीत समान अंतराने सहा टाके वाढवले की चकती सपाट राहते. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला चुण्या पडतात. हवा तेवढा तळ झाला की वाढ थांबवायची. भिंत आपोआप वर चढू लागते. शिवण कोठेही नाही. म्हणून उसवण्याची जागाही नाही.

२७/ याच तंत्राला एका समाजाने जगप्रसिद्ध केले. कोलंबिया आणि व्हेनेझुएला यांच्या सीमेवरील ला ग्वाहिरा या रखरखीत द्वीपकल्पात वायू लोक राहतात. त्यांची कुळे आईच्या बाजूने चालतात. त्यांच्या कथेप्रमाणे वालेकेरू नावाच्या कोळ्याने स्त्रियांना विणायला शिकवले. दोऱ्या वळणे, पट्टे विणणे, झोळ्या टांगणे ही त्यांची जुनी कौशल्ये. क्रोशाची सुई मात्र २०व्या शतकाच्या आरंभी कॅथलिक मिशनऱ्यांबरोबर आली, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे येथेही पुन्हा मिशनच!

२८/ पण वायू स्त्रियांनी मिशनची लेस उचलली नाही. सुई घेतली आणि आपली पिशवी घडवली. एका रंगाचा टाका घालताना दुसरा रंग त्याच टाक्याच्या पोटातून न्यायचा, गरज पडताच वर काढायचा. नक्षीही होते आणि पोटातल्या धाग्याने वीण दुप्पट दाट होते. आयरिश पाकळीतील दोरीची आठवण होते ना? प्राण्यांची पावले, कासवाची पाठ, आकाशातील तारे यांवरून या भौमितिक नक्ष्या घेतल्या आहेत. एकेरी बारीक धाग्याची पिशवी पुरी व्हायला काही आठवडे जातात. गोल तळ, उभी भिंत, ओढायची दोरी आणि रुंद पट्टा. स्पॅनिशमध्ये तिला ‘मोचिला’ म्हणतात, वायू भाषेत ‘सुसू’.

२९/ कोलंबियाने २०११ मध्ये वायू विणकामाला उगमस्थानदर्शक संरक्षण दिले. तरीही दलाल कायम आहेत. रस्त्याच्या कडेला अल्प दरात घेतलेली पिशवी मोठ्या शहरांतील दुकानात कित्येक पट किमतीला विकली जाते. क्लोन्स, नरसापूर, ला ग्वाहिरा : तीन खंड, तीन समाज, पण विणणारी आणि विकणारा यांच्यातील अंतर तिन्ही ठिकाणी सारखेच.

३०/ हे अंतर मोजण्याचे एक साधे गणित करू. समजा, तळाच्या १६ फेऱ्या, शेवटची फेरी ९६ टाक्यांची. तळाचे टाके झाले ८१६. मग ९६ टाक्यांच्या ४० फेऱ्यांची भिंत, म्हणजे ३,८४०. एकूण ४,६५६ टाके. सराईत हाताला एका टाक्यास चार सेकंद धरले, तर पाच तासांहून थोडे अधिक. ही झाली जाड दोऱ्याची, साधी, मध्यम पिशवी. पट्टा, नक्षी, उठावाचे टाके, धागे लपवणे हे सारे निराळे.

३१/ आता त्या पिशवीच्या विक्रीच्या किमतीतून दोरा, वाहतूक, दुकानदाराचा नफा वजा करा आणि उरलेल्या रकमेला पाच तासांनी भागा. जो आकडा येईल, तो विणणाऱ्या हाताचा ताशी दर. एखाद्या झगमगत्या दुकानात क्रोशाची पिशवी अविश्वसनीय स्वस्त दिसली, तर ती यंत्राने केली असेल अशी समजूत घालून घेता येत नाही. यंत्र नाहीच. स्वस्ताई कोठून आली, ते भागाकार सांगतो.

३२/ आपल्याकडेही हे काम शाळेच्या शिवणवर्गांतून, मासिकांतून आणि शेजारणींकडून घरोघरी पोहोचले. दारावरचे तोरण, ताटावरचा रुमाल, रेडिओचे आणि पुढे टीव्हीचे झाकण, देवदर्शनाला न्यायचा बटवा, बाजाराची पिशवी. हे करणाऱ्या आजी, मावशी, आत्या यांच्या कामाची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. वस्तू आहेत, नमुने वहीच्या पानांवर आहेत, पण त्यांना लागलेले तास कोणी लिहून ठेवले नाहीत.

३३/ तेव्हा तरुण इतिहासप्रेमींना एक काम सुचवतो. घरात क्रोशाची जुनी पिशवी असेल तर ती उलटी करून पाहा. तळाच्या मध्यातील पहिले टाके शोधा, फेऱ्या मोजा, वाढ कोठे थांबली ते पाहा. विणणारी हयात असेल तर विचारा : कोणाकडून शिकलात, दोरा कोठून आणलात, कधी कोणी पैसे दिले का? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. किल्ल्यांचे आणि लढायांचे कागद जपणारे पुष्कळ आहेत. या कामाचा दस्तऐवज अजून तयार व्हायचा आहे.

३४/ आणि स्वतः विणायला बसणार असाल तर जाड सुती दोरा घ्या, दोऱ्याच्या मानाने सुई थोडी बारीक घ्या, आणि मुक्या खांबाने सुरुवात करा. सहाने आरंभ, सहाने वाढ. पिशवी हाती आली की शेवटी एकच करा : लागलेले तास आतल्या बाजूला एका चिठ्ठीवर लिहून ठेवा.

धागा उपयोगी वाटला तर पुढे पाठवा, आणि घरातील पिशवीचा फोटो व तिच्या विणणारीची हकिगत खाली जरूर लिहा. #थ्रेड #क्रोशा #इतिहास